पहिला चीक वासराचा

गाय व्यायल्यावर वार पडेपर्यंत वासरास चीक पाजू नये, अशी समजूत काही गावांत आढळते. या समजुतीपायी वासरे दगावतात. त्याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

रोगजंतूच्या अंगी त्याची ओळख पटविणारे विशिष्ट घटक असतात. त्यांस प्रतिजन म्हणतात. रोगामुळे वा लसीवाटे प्रतिजन शरीरात शिरला, की शरीरातील पांढऱ्या पेशी त्यालाच नेमके चिकटणारे प्रथिन तयार करतात. ते प्रतिपिंड होय. कुलपास त्याचीच किल्ली लागते. तद्वत घटसर्पाचे प्रतिपिंड फऱ्या रोगावर चालत नाहीत. प्रतिपिंड चिकटलेला जंतू निष्प्रभ होतो, अथवा पांढऱ्या पेशी त्यास गिळून टाकतात.

गाईचे प्रतिपिंड वारेतून गर्भास मिळत नाहीत. ते चिकात उतरतात. नवजात वासराच्या आतड्यातून ते जसेच्या तसे रक्तात जातात. परंतु ही वाट तासागणिक अरुंद होऊन सुमारे २४ तासांत बंद होते. म्हणून वारेची वाट न पाहता, कास धुऊन, पहिल्या एक-दोन तासांतच चीक पाजावा. २० किलो वजनाच्या वासरास पहिल्या दिवशी सुमारे २ लिटर चीक दोन-तीन वेळा विभागून द्यावा. उरेल त्याचाच खरवस करावा.

चिकाचे हे संरक्षण काही महिन्यांत ओसरते. पुढे वासराने स्वतःचे प्रतिपिंड तयार करावेत, यासाठी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर लस टोचून घ्यावी.