२४ जूनच का?

येत्या २४ जूनला आपण संत योहान बाप्तिस्ता ह्यांच्या जन्माचा सण साजरा करणार आहोत. संतांचे सण बहुधा त्यांच्या मृत्युदिनी येतात, कारण ख्रिस्तसभा त्या दिवसाला त्यांचा स्वर्गातील जन्मदिन मानते. पृथ्वीवरील जन्माचा सण उपासनेच्या दिनदर्शिकेत तिघांचाच आहे : प्रभू येशू, पवित्र मरिया आणि योहान. परंतु योहानासाठी नेमका २४ जूनच का? शुभवर्तमानात तर कोणतीच तारीख नाही.

ह्या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न दडलेला असतो. आपले तरुण कॉलेजात, नोकरीच्या ठिकाणी ऐकून येतात की, तुमचा नाताळ म्हणजे मुळात रोमन लोकांचा सूर्याचा सण आणि योहानाचा सणही त्यातलाच; चर्चने वरचे नाव तेवढे बदलले. काही जण हसून सोडून देतात, काही मात्र मनातून खचतात. म्हणून हा विषय जरा सविस्तर पाहू या.

आधी संत लूककडे वळू. पहिल्या अध्यायात देवदूत मरियेला सांगतो की, तिची नातलग अलिशिबा हिला वृद्धापकाळी सहावा महिना चालू आहे. म्हणजे योहान येशूहून सहा महिन्यांनी मोठा. नाताळ २५ डिसेंबरला ठरल्यावर योहानाचा जन्म सहा महिने अलीकडे येणार हे उघड आहे. मग २५ जून का नाही?

ह्याचे उत्तर रोमन लोकांच्या मोजणीत आहे. ते आपल्यासारखे एक, दोन, तीन असे पुढे मोजत नसत. येणाऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून ते मागे मोजत आणि मोजताना दोन्ही टोके धरत. १ जानेवारीपासून मागे आठवा दिवस मोजा. डिसेंबर ३१ दिवसांचा, म्हणून २५ डिसेंबर येतो. १ एप्रिलपासून मागे आठवा दिवस मोजला की २५ मार्च, म्हणजे देवदूताच्या निरोपाचा सण. १ जुलैपासून मागे आठवा दिवस मोजला तर मात्र जून ३० दिवसांचा असल्यामुळे २४ तारीख येते. त्यांच्या दृष्टीने हे तिन्ही दिवस एकाच नावाचे होते. एका दिवसाचा फरक आपल्याला दिसतो, त्यांना तो दिसत नव्हता. बोटांवर मोजून पाहा, मुलांनाही मौज वाटेल.

आता सूर्याचे बघू. ज्युलियस सीझरने इ.स.पूर्व ४५ पासून नवी दिनदर्शिका लागू केली. तिच्यात २४ जून हा वर्षातील सर्वांत मोठा दिवस आणि २५ डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस धरला जाई. रोममध्ये हा फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे : जूनमध्ये सव्वापंधरा तासांचा दिवस, डिसेंबरमध्ये जेमतेम नऊ तासांचा. आपल्या वसईत तो सव्वातेरा आणि अकरा तासांच्या आसपास राहतो, म्हणून आपल्याला त्याचे एवढे अप्रूप नाही.

मग हे दिवस सूर्याकडूनच घेतले का? २५ डिसेंबरला नाताळ होत असल्याची सर्वांत जुनी पक्की नोंद रोममधील इ.स. ३५४ च्या एका पंचांगात सापडते आणि त्याच पंचांगात त्याच तारखेला ‘अजिंक्य’ देवाचा, म्हणजे बहुतेक सूर्याचा, जन्मदिनही लिहिलेला आहे. कोणी कोणाकडून घेतले ह्यावर विद्वानांत अजून वाद आहे. काहींच्या मते २५ मार्चपासून नऊ महिने मोजून नाताळ ठरला. संत योहान क्रिसोस्तोम ह्यांनी आणखी एक हिशेब मांडला होता : जखऱ्याला देवदूत दिसला तो प्रायश्चित्ताच्या मोठ्या दिवशी, तिथून पुढे मोजत जा. आम्हाला हा हिशेब पटत नाही. लूकनुसार जखऱ्या महायाजक नव्हता. धूप जाळण्याचे काम चिठ्ठी टाकून त्याच्या वाट्याला आले होते. संतांवर आपली श्रद्धा आहे, म्हणून त्यांचे प्रत्येक गणित बरोबर असलेच पाहिजे असे नाही.

संत ऑगस्टीन ह्यांनी मात्र मोजणीपेक्षा अर्थाकडे लक्ष दिले. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथे ह्या सणाच्या प्रवचनांत ते सांगत की, योहान जन्मला आणि दिवस लहान होऊ लागले. ख्रिस्त जन्मला आणि दिवस मोठे होऊ लागले. चौथ्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात योहान स्वतःच आपण कमी होत जावे आणि ख्रिस्ताची वाढ व्हावी असे म्हणतो. त्या शब्दांना ऑगस्टीननी आकाशातील सूर्य जोडला. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला एक भेद शिकवला होता, तो इथे कामी येतो : खूण वेगळी आणि पुरावा वेगळा. ऑगस्टीन सूर्याला खूण म्हणून दाखवतात, पुरावा म्हणून नाही.

पुरावा म्हटला असता तर तो केव्हाच ढासळला असता. सीझरचे वर्ष खऱ्या सौरवर्षाहून सुमारे अकरा मिनिटे मोठे होते. तेवढ्याने साधारण १२८ वर्षांत एक दिवस घसरतो. पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनी १५८२ साली ही चूक सुधारली आणि ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. पण त्यांनी हिशेब सीझरच्या काळापर्यंत मागे नेला नाही, इ.स. ३२५ च्या नायसिया परिषदेच्या काळाशी जुळवला, कारण त्यांना काळजी ईस्टरच्या तारखेची होती. म्हणून आज सर्वांत मोठा दिवस २१ जूनला येतो, क्वचित २० ला, आणि योहानाचा सण त्यानंतर तीन दिवसांनी. शिवाय आपल्यातील ज्यांची मुले ऑस्ट्रेलियात आहेत त्यांनी फोनवर विचारून पाहावे : तिथे योहानाच्या सणानंतर दिवस मोठे होत जातात आणि नाताळानंतर लहान. तिथल्या ख्रिस्ती लोकांचा नाताळ त्यामुळे खोटा ठरत नाही.

लोकांच्या चालीरीती ह्या दिवसाला पहिल्यापासून चिकटल्या आहेत. ऑगस्टीनच्या काळी लोक ह्या सणाला समुद्रात आंघोळीला जात, आणि ही जुनी मूर्तिपूजकांची चाल सोडा म्हणून त्यांनी बजावले होते. गोव्यात आज सांजावला लोक डोक्यावर फुलांची कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात. अलिशिबेच्या उदरात बाळाने उडी मारली, त्याची ती आठवण असे गोवेकर सांगतात. ऑगस्टीन तिथे असते तर काय म्हणाले असते कोण जाणे! आम्ही तरी त्यांना अडवणार नाही. फक्त पोहता न येणाऱ्याने काठावर थांबावे.

वसईत सूर्य मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बरोबर डोक्यावर येतो. ह्या दोन्हींच्या मधल्या काळात दुपारी तो किंचित उत्तरेला असतो. म्हणून २४ जूनला पावसाने उघडीप दिली, तर दुपारी बारा चाळीसच्या सुमारास चर्चच्या अंगणात या. दहा फुटी क्रुसाची सावली त्या वेळी दक्षिणेला पडलेली दिसेल, जेमतेम साडेआठ इंच. नाताळच्या दुपारी तीच सावली उत्तरेला नऊ फुटांच्या पुढे गेलेली असेल.