सही करण्याआधी पैशाचं मूळ विचारा

दोन देशांतल्या शास्त्रज्ञांनी मिळून काही करायचं ठरवलं की पहिले काही महिने प्रश्न कोणता, नमुने कुठले, उपकरण कुणाचं, शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं, यावरच्या बोलण्यात जातात. पैशाचा विषय निघतो तो प्रस्ताव पाठवायच्या शेवटच्या आठवड्यात, आणि तोही किती मागायचे एवढ्यापुरता. तो पैसा कुणाच्या खात्यातून येणार, कुठल्या कायद्याखाली येणार आणि मध्येच थांबवायचा अधिकार कुणाला, हे फारसं कुणी विचारत नाही. अशा प्रस्तावांच्या आणि त्यांच्या हिशेबांच्या कागदांत बरीच वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. संयुक्त प्रकल्प विज्ञान चुकलं म्हणून क्वचितच बुडतात. एका कामाला दोन तिजोऱ्या असतात, त्यांच्या किल्ल्या दोन वेगळ्या सरकारांकडे असतात, आणि एक तिजोरी बंद झाली तर काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून ते बुडतात. तरुण संशोधकांनी हे सही करण्याआधी समजून घ्यावं, यासाठी हा लेख.

सगळ्यात बोलकं उदाहरण ब्रिटनचं आहे. २०१४ मध्ये त्या देशाने न्यूटन फंड सुरू केला. भारताबरोबरच्या त्याच्या शाखेला न्यूटन-भाभा असं नाव मिळालं. पाठोपाठ दीड अब्ज पाउंडांचा आणखी एक मोठा संशोधन निधी जाहीर झाला. हा पैसा विज्ञानासाठी होता, पण ब्रिटनच्या हिशेबात तो परदेशांना द्यायच्या विकास-साहाय्याच्या खात्यात मोडत होता. प्रकल्प चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांना हा निव्वळ हिशेबनिसांचा तपशील वाटला असणार. कोविडच्या तडाख्यानंतर २०२० च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने हे साहाय्य राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यावरून ०.५ टक्क्यावर आणायचं ठरवलं, आणि मार्च २०२१ मध्ये तिथल्या संशोधन परिषदांच्या मध्यवर्ती संस्थेने विद्यापीठांना कळवलं, की दिलेला शब्द आणि हातातला निधी यांत १२ कोटी पाउंडांची तूट आहे. रीतसर परीक्षण होऊन मंजूर झालेले, माणसं नेमून चालू असलेले प्रकल्प आकसले, काही थांबले. त्यांच्या विज्ञानात कुणी खोट काढली नव्हती. पैसा ज्या खात्यात नोंदला होता, ते खातं कापलं गेलं, एवढंच. म्हणून परदेशी भागीदाराला विचारायचा माझा पहिला प्रश्न रकमेचा नसतो. तुमच्या सरकारच्या कुठल्या शीर्षाखाली हा पैसा पडतो, आणि ते शीर्ष दरवर्षी नव्याने मंजूर व्हावं लागतं का, हे मी आधी विचारतो.

पैशाचं मूळ विचारण्याचं दुसरं कारण आपल्याच इतिहासात आहे, आणि त्याचा एक धागा पुण्यातून निघतो. पुण्याचं विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून उभं केलं. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसंही आजारी पडली, आणि या केंद्राने त्यामागचा विषाणू ओळखला. तो रशियातल्या मेंदूज्वराच्या विषाणूच्या कुळातला निघाला. मग उत्तरेकडून येणारे स्थलांतरित पक्षी अंगावरच्या गोचिडांबरोबर हा विषाणू आणत असतील का, हा अगदी रास्त प्रश्न उभा राहिला. तो तपासायला पक्ष्यांच्या पायांत वाळे घालण्याचं काम मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली हाती घेतलं. सुरुवातीला पैसा जागतिक आरोग्य संघटनेचा होता. साठच्या दशकात आग्नेय आशियातून चालणाऱ्या एका पक्षी-पाहणीमार्फत निधी येऊ लागला, आणि त्या पाहणीच्या मागे अमेरिकी लष्कराचा संशोधन विभाग होता.

त्याच सुमारास दिल्लीत डासांच्या जननिक नियंत्रणाचा प्रकल्प चालू होता. तो जागतिक आरोग्य संघटना आणि वैद्यक संशोधन परिषद यांचा होता, आणि खर्च पीएल-४८० च्या रुपयांतून चाले. ज्या अमेरिकी गव्हाबरोबर गाजरगवत आलं असं महाराष्ट्रात आजही सांगितलं जातं, त्याच गव्हाच्या किमतीपोटी भारताने भरलेले हे रुपये अमेरिकेच्या नावाने भारतातच साठले होते. १९७४ मध्ये वृत्तसंस्थांच्या बातम्यांनी रान उठलं. पक्ष्यांच्या वाटा आणि पीतज्वर पसरवू शकणारे डास यांचा अभ्यास परदेशी पैशावर का चालला आहे, हा प्रश्न संसदेत गेला. लोकलेखा समितीने दोन्ही प्रकल्पांची झडती घेतली, आणि १९७५ मध्ये सोनीपतला डास सोडण्याचा मुख्य प्रयोग होण्याआधीच दिल्लीचा प्रकल्प गुंडाळला गेला. जैविक युद्धाचा संशय खरा होता असं मी म्हणत नाही. त्या शास्त्रज्ञांच्या सचोटीबद्दल मला आदर आहे, आणि पक्ष्यांच्या स्थलांतराची जी माहिती तेव्हा गोळा झाली ती मोलाची आहे. माझा मुद्दा एवढाच की लोकांनी विचारण्याआधी पैशाचं मूळ उघडपणे सांगितलेलं असतं, तर हा संशय इतका वाढला नसता. वर्तमानपत्रातून ते बाहेर आल्यावर दिलेलं खरं उत्तरही सारवासारव वाटतं.

तिसरी गोष्ट घोषणेची. दोन पंतप्रधानांच्या भेटीत सामंजस्य करारावर सह्या होतात, फोटो येतात, आणि प्रयोगशाळेत लोकांना वाटतं की पैसा आलाच. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियाचं उदाहरण घ्या. गुरुत्वीय लहरी सापडल्याची बातमी जगाला कळली त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०१६ मध्ये, केंद्राने या प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी दिली. सुमारे २,६०० कोटी रुपयांची प्रत्यक्ष मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली. इतक्या मोठ्या कामाला वेळ लागतो, हे मान्यच आहे. अमेरिकेच्या वाट्याचं बरंचसं रोख रकमेत नसून यंत्रसामग्रीत आहे. तिथे हॅनफर्डला तिसऱ्या शोधकासाठी केलेले भाग भारतासाठी राखून ठेवले होते. लायगोसारखा प्रकल्प सात वर्षं थांबू शकतो, कारण त्याच्या पाठीशी पुण्याच्या आयुकासारख्या संस्था उभ्या असतात. तीन वर्षांच्या छोट्या प्रकल्पाला तेवढी उसंत नसते. ‘तत्त्वतः’ या शब्दाच्या भरवशावर कुणी माणूस नेमू नये.

मग चांगली रचना कशी असते? नमुना घरातच आहे. भारत आणि फ्रान्स यांनी १९८७ मध्ये प्रगत संशोधनासाठी संयुक्त केंद्र काढलं. सेफिप्रा या नावाने ते ओळखलं जातं. दोन्ही सरकारं पैसा घालतात, पण प्रस्ताव एकाच ठिकाणी जातो आणि दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांची एकच परिषद त्यावर निर्णय घेते. एकदा होकार मिळाला की तो दोघांसाठी असतो. याच्या उलट पद्धत म्हणजे समांतर परीक्षण. एकच प्रस्ताव दोन देशांत दोन समित्या तपासतात, दोघींनीही होकार द्यावा लागतो, आणि एकीने पैसे एप्रिलमध्ये सोडले तर दुसरीने पुढच्या जानेवारीत. अमेरिका आणि इस्रायल यांनी १९७२ मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकलं. दोघांनी समान भांडवल घालून कायम ठेव ठेवली आणि तिच्या उत्पन्नातून अनुदानं देण्याची पद्धत घातली. ठेवीच्या उत्पन्नावर चालणारी अनुदानं दरवर्षीच्या अंदाजपत्रकाच्या मेहरबानीवर राहत नाहीत. संशोधकाला योजना निवडायची मुभा असेल, तर रक्कम थोडी कमी असली तरी मी एकच परिषद असलेली योजना निवडायला सांगेन. नव्या योजना आखणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

पैसा नेमका कशासाठी आहे तेही पाहा. कितीतरी द्विपक्षीय योजना फक्त येण्याजाण्याला पैसे देतात. बऱ्याचदा विमानभाडं पाठवणारा देश भरतो, राहण्याखाण्याचं यजमान देश पाहतो. रसायनं, उपकरणं, माणसं यांना त्यात जागा नसते. अशी योजना वाईट नव्हे, पण तिच्या बळावर प्रयोगशाळेचं काम उभं करू नये.

आपल्या बाजूचे नियम माहीत नसणं हे तर सगळ्यात महागात पडतं. परदेशातून आलेली देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करायला परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने पूर्ण बंदी आहे. म्हणजे ट्रस्टची एक संस्था पैसे घेईल आणि भागीदार संस्थांना वाटेल, हा जुना मार्ग बंद झाला. प्रत्येक भारतीय भागीदाराने आपला वाटा कसा घेणार हे स्वतंत्र ठरवावं लागतं. आरोग्यविषयक परदेशी सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची संमती लागते. जैविक नमुने बाहेर जाणार असतील तर २००२ चा जैवविविधता कायदा आणि चेन्नईचं जैवविविधता प्राधिकरण मध्ये येतात. केंद्राने मंजूर केलेल्या संयुक्त प्रकल्पांना त्यात सवलत आहे, पण ती मार्गदर्शक तत्त्वांत बसलं तरच. आर्थिक वर्ष आपलं एप्रिलपासून, फ्रान्सचं जानेवारीपासून, अमेरिकी सरकारचं ऑक्टोबरपासून. पुढचा हप्ता मागायचा तर १२-अ नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं, आणि अनुदानावरचं व्याज शासनाकडे परत जातं. उपकरण परदेशी असेल तर निविदेचा काळ वेगळा धरा. २०२० नंतर काही वर्षं २०० कोटींपर्यंतच्या खरेदीला जागतिक निविदा काढायची तर वरची परवानगी लागत असे. २०२५ मध्ये वैज्ञानिक उपकरणांसाठी तो अधिकार संचालक आणि कुलगुरूंकडे आला, हे फार चांगलं झालं.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. शास्त्रज्ञांचं सहकार्य विश्वासावर चालतं, आधीच फाटाफुटीच्या अटी लिहिल्या तर मन खट्टू होतं, असं म्हणतात. मला हे पटत नाही. विश्वास दोन माणसांत असतो, आणि प्रकल्प थांबवतं ते तिसरंच कुणीतरी. ब्रिटनमधल्या त्या शास्त्रज्ञांनी आपल्या भागीदारांचा विश्वासघात केला नव्हता. त्यांच्याही हातात काही नव्हतं. दोघांवर एकदमच येणाऱ्या संकटाची व्यवस्था दोघांनी मिळून आधी केली, तर मैत्री टिकते. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. तरुण संशोधकाला अटी घालायची ताकद कुठे असते? मोठी संस्था म्हणेल, मान्य नसेल तर दुसरा भागीदार शोधतो. हे होतं. म्हणून ही बोलणी एकट्या मुख्य संशोधकावर सोडू नयेत. संस्थेच्या संशोधन कार्यालयाने एक ठरलेला मसुदा ठेवावा आणि प्रत्येक परदेशी भागीदारापुढे तोच ठेवावा. मग ती कुण्या एका प्राध्यापकाची हट्टाची मागणी राहत नाही.

त्या मसुद्यात काय असावं हे ठरवताना माझ्या डोळ्यांपुढे विद्यार्थी असतो. प्रकल्प तीन वर्षांचा असतो आणि पीएचडीला पाच वर्षं लागतात. प्रकल्पावर नेमलेल्या कनिष्ठ संशोधन अधिछात्राला आज महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. परदेशी हप्ता थांबला तर प्राध्यापकाचा पगार चालू राहतो, बंद होतो तो या मुलाचा किंवा मुलीचा. म्हणून पहिल्याच पानावर लिहावं, की एका बाजूचा निधी अडला तर दुसरी बाजू किमान सहा महिने विद्यार्थ्यांचं वेतन चालू ठेवील, आणि ती तरतूद अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरली जाईल. त्याच पानावर हेही लिहावं, की नमुन्यांचा अर्धा वाटा भारतातच राहील, मूळ मोजमापांची पूर्ण प्रत दर महिन्याला दोन्हीकडे जाईल, आणि परदेशी प्रयोगशाळा मध्येच थांबली तरी त्या मोजमापांवर प्रबंध लिहायला विद्यार्थ्याला कुणाची परवानगी लागणार नाही.