पानं वाढेपर्यंत एक कविता

अगं, मुलांना कवितेची गोडी लावायची म्हणतेस ना, तर अभ्यासाचं टेबल सोड आणि स्वयंपाकघरात ये. महिन्यातलं एक जेवण कवितेचं ठेव. दिवस पोरांनाच ठरवू दे, पण एकदा ठरला की पाहुणे आले तरी मोडायचा नाही.

कविता नेमकी कधी म्हणायची, इथे खरी मेख आहे. पंगतीत श्लोक म्हणायची आपल्याकडची चाल उगीच पडली नाही. वाढप चालू असताना पानावर बसलेल्यांनी करायचं काय? मग कुणी खणखणीत आवाजात वामनपंडितांचा श्लोक म्हणायचं, कुणी मोरोपंतांची आर्या. तूही तेच कर. पुऱ्या तळणीत आहेत, पोरं भुकेने ताटं वाजवताहेत, तेव्हा पहिली कविता झाली पाहिजे. पोट भरल्यावर डोळे पेंगतात. आणि सुरुवात मोठ्यांनी करायची. बाबाला अर्धीच आठवली तर अर्धी म्हणू दे. उरलेली पोरं हुडकून काढतील.

धाकटीसाठी विंदा करंदीकरांचं ‘एटू लोकांचा देश’ घरात आण. थोरल्यासाठी बहिणाबाई. थंडीत भरताची वांगी आली की खानदेशी भरीत आणि कळण्याची भाकरी कर, आणि त्या रात्री फक्त बहिणाबाईच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातली, शेतातली कामं करता करता त्या ओव्या रचायच्या आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव त्या उतरवून घ्यायचे. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली आली, बहिणाबाई मात्र आदल्याच वर्षी गेल्या होत्या. हे सगळं पोरांना भाकरी मोडता मोडता सांग. शुद्धलेखनाची धास्ती घेतलेलं पोर इथे कान टवकारतं. बहिणाबाईंची बोली मात्र पुस्तकी करून वाचू नकोस. ओळखीत कुणी जळगावकडचं असेल तर त्यांनाच जेवायला बोलव आणि त्यांच्याकडून ऐका.

नावडत्या भाजीवर माझा उपाय उखाण्याचा. जो भाजीचं नाव घेईल, त्याने आपल्या पानात किती वाढायचं ते सांगायचं. आमच्या एका नातवाने कारल्यासमोर बसून रचलं होतं:

कढईत तडतडली मोहरी आणि हिंग,
कारल्याचं नाव घेतो, वाढा एकच रिंग!

त्याला एकच काप वाढला. दिलेला शब्द पाळायचा. दुसरा हळूच सरकवलास तर पुढच्या वेळी कुणी यमक जुळवायला बसणार नाही.

कोजागरीला तर आयतीच संधी असते. दूध आटायला वेळ लागतो, तेवढ्यात गच्चीवर भेंड्या लाव. सिनेमाची गाणी चालू देत, कवितेला दुप्पट गुण दे. पोरं आपणहून जुनी ‘बालभारती’ चाळायला लागतील.

कविता चालू असताना ‘अर्थ सांग बरं’ म्हणायचं नाही. चुकलेला शब्द दुरुस्त करायचा नाही. काकू आल्या म्हणून ‘म्हणून दाखव’ असा आग्रह तर मुळीच नको, पोरांचं मन त्यानेच कवितेवरून उडतं. श्रीखंडही बक्षीस म्हणून ठेवू नकोस. ज्याने म्हटली त्याला आणि ज्याने नाही म्हटली त्यालाही सारखंच वाढ.

पहिल्या खेपेला दोन-तीन कविता पुरेत. ‘अजून एक’ म्हणून गलका झाला तरी पानं उचल आणि ती कविता पुढच्या महिन्यावर ठेव.