सुटाबुटातील स्वार

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात, हिंजवडीला लागूनच, मारुंजी नावाचे गाव आहे. गावाच्या शिवारात पूर्वी केवळ शेतमळे होते. पुढे हिंजवडीस संगणक-उद्योगांची मोठी वसाहत उभी राहिली आणि मारुंजीच्या शेतांच्या बांधाशीही उंच उंच इमारती उठल्या. कामाच्या दिवशी या बाजूच्या रस्त्यांवर वाहनांची इतकी दाटी होते, की पायी चालणारा माणूस मोटारीच्या पुढे निघून जावा! रविवारी सकाळी मात्र रस्ते मोकळे असतात. त्या वेळी मोटारसायकलस्वारांचे थवेच्या थवे या बाजूने निघतात आणि माण, घोटवडे, पौड अशी गावे मागे टाकीत मुळशीच्या धरणाकडे व ताम्हिणी घाटाकडे जातात. खेड्यातील म्हातारी माणसे मोटारसायकलीस अजूनही ‘फटफटी’ म्हणतात. कानांवर दुरून तो फटफट आवाज आला, म्हणजे रविवार उजाडला, हे सांगण्यास पंचांग लागत नाही.

या स्वारांविषयी लोकांचे मत फारसे चांगले नसते. अंगात काळे कातडी जाकीट, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि यंत्राचा आवाज तर असा, की पाळण्यातले मूल दचकून उठावे. ‘ही दांडगट मंडळी, यांना कोणाची पर्वा नाही,’ असे म्हणून लोक मान फिरवितात. काही स्वारांच्या बाबतीत हे खरेही असते. पण सर्वांनाच एका मापाने मोजले जाते, याचे पुष्कळ स्वारांना वाईट वाटते. असे वाटणारी माणसे केवळ आपल्याकडेच आहेत, असे नाही.

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी मार्क हावा नावाचे एक गृहस्थ राहतात. २०१२ साली त्यांच्या पाहण्यात एक छायाचित्र आले. दूरचित्रवाणीवरील एका मालिकेतील नट उंची सूट घालून एका जुन्या मोटारसायकलवर ऐटीत बसला आहे, असे ते चित्र होते. हावा यांच्या मनात आले, की मोटारसायकलस्वारांनी एके दिवशी असाच वेष करून शहरातून शांतपणे फेरी काढली, तर लोकांचे त्यांच्याविषयीचे मत बदलणार नाही काय? त्यांनी ही कल्पना मित्रांना सांगितली. मित्रांनी ती आपल्या मित्रांना सांगितली. पाहता पाहता ती देशोदेशी गेली आणि त्याच वर्षी जगातील ६४ शहरांतून अडीच हजारांहून अधिक स्वार कोट, टाय आणि लखलखीत बूट घालून रस्त्यावर आले. या फेरीस ‘डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड’ असे नाव मिळाले. प्रतिष्ठित सद्गृहस्थांची फेरी, असा त्याचा अर्थ. नावात केवळ गृहस्थ असले, तरी स्त्रियांनाही फेरीत मज्जाव नाही. जुन्या घडणीच्या मोटारसायकली, स्कूटर, बाजूला एक बैठक जोडलेल्या गाड्या अशी वाहने तीत असतात. शर्यत नसते, आरडाओरड नसते. वाहतुकीचे नियम पाळून संथपणे जावयाचे असते. डोक्यावर साहेबी टोपी शोभली असती खरी. पण तेथे शिरस्त्राणच हवे!

पहिल्या वर्षी ही एक हौस होती. मात्र एक गोष्ट ध्यानात आली. सूट घातलेले शंभर स्वार एकामागून एक जाऊ लागले, की वाटेवरचा माणूस थांबतो आणि विचारतो, ‘हे काय चालले आहे?’ प्रश्न विचारणारा माणूस ऐकावयास तयार झालेला असतो. मग त्याला काही मोलाचे का सांगू नये? म्हणून दुसऱ्या वर्षापासून, म्हणजे २०१३ पासून, या फेरीस एक कार्य जोडले गेले. पुरुषांना होणाऱ्या एका कर्करोगाविषयी लोकांशी बोलावयाचे आणि त्यावरील संशोधनासाठी वर्गणी गोळा करावयाची, हे ते कार्य होय.

तो कर्करोग पुरःस्थ ग्रंथीचा. इंग्रजीत या ग्रंथीस ‘प्रोस्टेट’ म्हणतात. ही ग्रंथी फक्त पुरुषांच्या शरीरात असते. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती ती वेढून बसलेली असते आणि तिचा आकार जेमतेम अक्रोडाएवढा असतो. वय वाढत जाते, तशी ती पुष्कळांच्या बाबतीत मोठी होते व मूत्रमार्गावर दाब पडू लागतो. म्हातारे आजोबा रात्रीतून तीन-चार वेळा उठतात, त्याचे एक कारण हे असते. प्रत्येक वेळी तो कर्करोगच असतो, असे मुळीच नाही. पण कधीकधी या ग्रंथीतील पेशी अनिर्बंध वाढू लागतात, आणि मग तो कर्करोग ठरतो. त्याची खोड अशी, की आरंभी तो काहीच चाहूल देत नाही. लघवीस त्रास होणे, तीत रक्त दिसणे, पाठीची वा कमरेची हाडे दुखणे, ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा रोग बहुधा बराच पुढे गेलेला असतो. पन्नाशीनंतर त्याचा संभव वाढतो, आणि ज्याच्या वडिलांना किंवा भावाला तो झाला असेल, त्याला अधिक जपावे लागते.

या रोगाचा शोध घेण्यासाठी रक्ताची एक साधी तपासणी करता येते. तिच्यावरून संशय आला, तर ग्रंथीचा बारीकसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अर्थात, ही रक्ततपासणी प्रत्येक वयस्क पुरुषाने सरसकट करावी किंवा नाही, याविषयी खुद्द डॉक्टरांतच मतभेद आहेत. कारण यांतील काही कर्करोग इतके मंदगतीचे असतात, की ते त्या माणसाला आयुष्यभर काही इजा करीत नाहीत. तेव्हा योग्य तो निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा लागतो.

खरी अडचण येथेच आहे. डॉक्टरांशी बोलावयाचे कोणी? घरातल्या कर्त्या पुरुषाने आपले दुखणे सांगू नये, अशी एक विचित्र रीत आपल्या समाजात पडून गेली आहे. मुलगा पडून रडू लागला, की ‘मुलींसारखा काय रडतोस?’ असे आपण त्याला लहानपणीच ऐकवितो. तोच मुलगा पुढे बाप होतो, आजोबा होतो, आणि दुखणे अंगावर काढतो. ‘वय झाले, आता असे व्हायचेच,’ हे त्याचे ठरलेले उत्तर. त्यातून आजार लघवीच्या जागेचा असेल, तर लाजेने तोंडाला कुलूपच लागते. आजोबा बोलत नाहीत, आजी विचारीत नाही, आणि मुलांना तर काहीच ठाऊक नसते.

लोकांना बोलते करण्याची आणखी एक गमतीदार युक्ती ऑस्ट्रेलियातच निघाली होती. २००३ साली मेलबर्न शहरातील दोघा मित्रांनी तीस जणांना नोव्हेंबर महिनाभर मिशा वाढविण्यास राजी केले. मिशी या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि नोव्हेंबर यांची सांगड घालून ‘मोव्हेंबर’ असे नावही बनविले. त्याही मंडळींनी प्रथम केवळ मौज म्हणून हे केले होते. दुसऱ्या वर्षी मात्र त्यांनी पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी ५४,००० ऑस्ट्रेलियन डॉलर जमविले. महाराष्ट्रात मिशीला पीळ देणारे पुष्कळ आढळतील. पण ‘ही मिशी कशासाठी?’ असे कोणी विचारताच आजाराची गोष्ट सांगावयाची, ही तऱ्हा निराळीच म्हटली पाहिजे. २०१६ पासून सुटाबुटातील स्वारांनी या मोव्हेंबर संस्थेशी हातमिळवणी केली, आणि शरीराच्या आजाराबरोबर पुरुषांच्या मनाच्या आजाराचाही विषय फेरीत घेतला. मनाच्या आजारामुळे प्राणास मुकणाऱ्यांत जगभर पुरुषांची संख्या स्त्रियांहून पुष्कळ मोठी आहे. पाय मोडला, तर प्लॅस्टर सर्वांना दिसते. मन खचले, तर ते शेजारी बसलेल्या मित्रालाही दिसत नाही.

फेरीत सामील होणारा प्रत्येक स्वार आपले नातलग, शेजारी आणि कचेरीतील सोबती यांच्याकडून वर्गणी मागतो. पैशाइतकेच महत्त्व या मागण्याला आहे. वर्गणी मागावयाची म्हणजे कारण सांगावे लागते, आणि कारण सांगावयाचे म्हणजे ज्या आजाराचे नाव घरात कोणी काढीत नाही, त्याचे नाव काढावे लागते. आज ही फेरी शंभराहून अधिक देशांत पोचली असून तीत एक लाखाहून अधिक स्वार भाग घेतात. मुंबई-पुण्यातूनही ती निघाली आहे. पुण्याचा तिच्याशी आणखी एक संबंध आहे. २०१४ पासून या फेरीस साहाय्य करणाऱ्या ट्रायम्फ या इंग्लंडातील कंपनीच्या काही मोटारसायकली २०२३ पासून चाकण येथील बजाजच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. आणि चाकण म्हणजे मारुंजीच्याच जिल्ह्यातले गाव.

येथे कोणी म्हणेल, ‘फेऱ्या काढून आणि बोलून का कोठे रोग बरा होतो? रोग बरा होतो औषधाने.’ हा आक्षेप वरवरचा नाही. औषध शोधणारे शास्त्रज्ञ नसते, तर हे सर्व स्वार व्यर्थच धूर सोडीत फिरले असते. १९४१ साली अमेरिकेत शिकागो येथे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिले, की पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाची वाढ शरीरातील विशिष्ट रसांवर, म्हणजे संप्रेरकांवर, अवलंबून असते. ते रस कमी केले, की रोग मागे हटतो. या शोधाबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा, की त्याच १९४१ साली, २८ फेब्रुवारी रोजी, मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले गेले. मेहेरबाई टाटा या रक्ताच्या कर्करोगाने १९३१ साली वारल्या, तेव्हा अशा रोग्यांसाठी आपल्या देशातच उपचाराची सोय व्हावी, असे त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांच्या मनाने घेतले होते.

परंतु रुग्णालय कितीही मोठे असले, तरी ते स्वतः उठून रोग्याच्या दाराशी येत नाही. रोग्यालाच वेळेवर त्याच्या दाराशी जावे लागते. तो वेळेवर जातो काय, याचा धडा सोलापूर जिल्ह्यातील बार्शी या गावाने घालून दिला आहे. बार्शीस डॉ. नेने यांच्या पुढाकाराने एक कर्करोग रुग्णालय उभे राहिले. त्यास नर्गिस दत्त यांचे नाव आहे. १९८७ साली या रुग्णालयाने बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावांतील कर्करोग्यांची नोंद ठेवण्यास आरंभ केला. भारतात खेड्यांसाठी ठेवलेली अशी ही पहिलीच नोंदवही. नोंद करावयाची म्हणजे गावोगाव हिंडणे आलेच. रुग्णालयाचे कार्यकर्ते गावात जात, चार माणसे जमवीत, रोगाची लक्षणे सोप्या भाषेत सांगत आणि ‘असे काही वाटले, तर तपासणीस या,’ असे विनवीत. त्या भागातील स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग पुष्कळ आढळे, आणि तोही लाजेमुळे लपविला जाई. काही वर्षांनी नोंदी पडताळून पाहिल्या, तेव्हा दिसून आले, की आता पूर्वीहून अधिक स्त्रिया रोगाच्या आरंभीच रुग्णालयात येत आहेत. आणि लवकर आलेल्या स्त्रिया अधिक काळ जगत आहेत. बार्शीच्या कार्यकर्त्यांच्या अंगावर उंची सूट नव्हते आणि त्यांच्यामागे शंभर मोटारसायकलींचा ताफा नव्हता. तरी काम तेच होते.

तेथेच पुढे १९९९ मध्ये त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात एक प्रचंड पाहणी सुरू झाली. तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया तिच्यात समाविष्ट होत्या. या रोगास कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी ज्या गावांतून एकदा जरी झाली, तेथे या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले, असा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. साऱ्या जगातील डॉक्टरांनी त्याची दखल घेतली. खेड्यांतील हजारो स्त्रिया संकोच सोडून तपासणीस पुढे आल्या, म्हणूनच ही विद्या जगाला मिळाली. शहरातील शिकलेले पुरुष मात्र अजून आपल्या आजाराचे नाव काढताना खाकरतात!

२०२० साली करोनाची साथ आली आणि माणसांनी एकत्र जमणे बंद झाले. तेव्हा सुटाबुटातील स्वारांची फेरी निघणार कशी? त्या वर्षी सप्टेंबरात, ठरलेल्या दिवशी, प्रत्येक स्वाराने आपापल्या गावी एकट्यानेच सूट घातला आणि एकट्यानेच फेरी मारली. पुढे फेरीचा महिना बदलून मे ठरविण्यात आला. सिडनीस मे महिना म्हणजे गुलाबी थंडीचे दिवस. तेथे कोट अंगाला बरा वाटतो. पुण्यात मात्र तो ऐन वैशाख असतो. १९ मे २०२४ च्या रविवारी ही फेरी जगभर निघाली, त्या दिवसांत आपल्याकडे लोक पंचा भिजवून डोक्यावर घेतात. अशा उन्हात गळ्यापर्यंत बंद कोट आणि टाय घातलेला एखादा स्वार रसवंतीसमोर गाडी लावून घाम पुसू लागला, तर रसवाला ग्लास पुढे करताना विचारणारच, ‘साहेब, एवढ्या उन्हात हा कोट कशासाठी?’ त्या प्रश्नासाठीच तर त्याने तो घातलेला असतो.