मनगटाचे दुखणे अंगावर काढू नका

मुंबईत जन्मलेली टेनिसपटू सानिया मिर्झा ऑगस्ट २००७ मध्ये एकेरीत जगात २७ व्या क्रमांकावर पोहोचली. पुढची पायरी समोर असतानाच मनगट दुखावले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये एकेरीचा पहिलाच सामना तिला अर्धवट सोडावा लागला, पाठोपाठ अमेरिकन ओपनही हुकली. एकेरीत ती २७ च्या पुढे कधीच गेली नाही. नंतर दुहेरीवर भर देऊन एप्रिल २०१५ मध्ये ती त्यात जगात पहिली आली.

असे का होते? स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटाजवळ अरुंद बोगद्यांतून सरकतात. एकच हालचाल हजारो वेळा झाली की त्या सुजतात आणि दुखू लागतात.

आपल्या बीबी परिसरात सोयाबीन सोंगणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बायांचेही हेच होते. हंगाम जाईल म्हणून त्या दुखणे अंगावर काढतात आणि मग पुढचा हंगाम हातचा जातो.

काय करावे?

१) दुखरा हात काही दिवस जड कामातून सोडवा.
२) कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे लावा. जोरात चोळू नका.
३) दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेऊ नका, जठर व मूत्रपिंडाला अपाय होतो.
४) रात्री बोटांना मुंग्या येणे, पकड सुटणे किंवा दोन आठवड्यांत आराम न पडणे, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांना दाखवा.

चार दिवसांची विश्रांती परवडते. गेलेला हंगाम परत येत नाही.