शोभिवंत माशांचे आजार : औषधापूर्वी निदान

जबलपूरमधील जुन्या तलावांची नावे राणी दुर्गावतीच्या काळाशी जोडली जातात. रानीताल राणीचा, अधारताल तिचा दिवाण अधारसिंह याचा आणि चेरीताल तिच्या चेरीचा, म्हणजे दासीचा, असे परंपरेने सांगितले जाते. आज चेरीताल ही शहरातील दाट वस्ती आहे. अशा वस्तीत मासे पाळले जातात ते पन्नास-साठ लिटरच्या काचेच्या टाकीत. तलावाच्या मोठ्या साठ्यात जो दोष विरून जातो, तो एवढ्याशा पाण्यात काही तासांत माशाच्या जिवावर बेततो. मासा मलूल दिसताच दुकानातून औषध आणून अंदाजाने ओतणे म्हणजे कीड न ओळखता पिकावर फवारणी करणे होय. पीक संरक्षणातील शिस्त येथेही उपयोगी पडते : आधी कारण ओळखावे, त्याची कमकुवत अवस्था शोधावी आणि मगच मोजून उपाय करावा.

पहिला प्रश्न : सगळे एकदम की एकामागून एक?

निदानाची सुरुवात या प्रश्नाने करावी. वेगवेगळ्या जातींचे लहानमोठे मासे काही तासांत एकदम अस्वस्थ झाले, तर बहुधा दोष पाण्यात असतो. रोग मात्र सामान्यतः एक-दोन माशांपासून सुरू होऊन काही दिवसांत पसरतो.

पाण्याच्या दोषाची चार कारणे नेहमी आढळतात.

१. क्लोरीन : जबलपूरला नर्मदेतून तसेच परियट व खंदारी जलाशयांतून पाणी मिळते. शहरांचे नळाचे पाणी क्लोरीनने निर्जंतुक केलेले असते. क्लोरीन माशाचे कल्ले जाळते. पाणी बदलल्यावर लगेच मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागल्यास प्रथम हाच संशय घ्यावा. नळाचे पाणी उघड्या भांड्यात हवा सोडून २४ तास ठेवावे किंवा सोडियम थायोसल्फेट वापरावे.

२. अमोनिया व नायट्राइट : विष्ठा व उरलेले खाद्य कुजून अमोनिया तयार होतो. त्याचे रूपांतर करणारे जिवाणू नव्या टाकीत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडे व खाद्य कमी ठेवावे. चाचणी संचाने तपासल्यास दोन्हींचे प्रमाण शून्य असावे.

३. प्राणवायूची कमतरता : २० अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम. म्हणून उन्हाळ्यात वीज गेल्यावर दाटीच्या टाकीत मासे गुदमरतात.

४. कीटकनाशक : डासांसाठीच्या अनेक घरगुती फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड गटातील रसायने असतात. ती माशांना अत्यंत विषारी आहेत. हवेचा पंप खोलीतील हवाच पाण्यात सोडतो, हे लक्षात ठेवावे. विषबाधा झालेला मासा थरथरतो, वेडावाकडा पोहतो व तोल गमावतो. टाकी असलेल्या खोलीत फवारणी टाळावी.

या चारही प्रसंगी औषध देऊ नये. एक तृतीयांश ते निम्मे पाणी क्लोरीनमुक्त व समान तापमानाच्या पाण्याने बदलावे, हवा वाढवावी आणि एक दिवस खाद्य बंद ठेवावे.

पांढरे ठिपके

अंगावर व परांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसणे आणि माशाने दगडावर अंग घासणे ही ‘इक’ नावाच्या एकपेशीय परजीवीची लक्षणे आहेत. थंडीत रात्री पाणी एकदम गार झाले की त्याचा प्रादुर्भाव वाढतो. परजीवी त्वचेखाली असतो तोवर औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पूर्ण वाढल्यावर तो गळून तळाशी कोष करतो. त्यातून शेकडो पिल्ले बाहेर पडतात व एक-दोन दिवसांत मासा न मिळाल्यास मरतात. ही पोहणारी अवस्थाच उपचाराचे लक्ष्य असते. २५ अंशांच्या आसपास हे चक्र साधारण आठवड्यात पूर्ण होते, थंड पाण्यात अनेक आठवडे लागतात. त्यामुळे ठिपके नाहीसे होताच उपचार थांबवल्यास रोग उलटतो.

उष्ण कटिबंधातील माशांसाठी हीटरने तापमान हळूहळू २८ ते ३० अंशांपर्यंत न्यावे व हवा वाढवावी. गोल्डफिशसाठी इतके तापमान वाढवू नये. लिटरमागे २ ग्रॅम जाडे मीठ विरघळवून २४ तासांत तीन हप्त्यांत द्यावे. तळ रोज नळीने उपसावा व बदललेल्या पाण्याच्या प्रमाणातच मीठ पुन्हा घालावे. शेवटचा ठिपका गेल्यानंतरही किमान एक आठवडा उपचार चालू ठेवावा. काही पाणवनस्पती व खवले नसलेले मासे मीठ सहन करत नाहीत, त्यांना आधी वेगळे करावे.

संधिपाद परजीवी

आर्ग्युलस, म्हणजे माशावरील ऊ, आणि लर्निया हे कीटकांचे दूरचे नातलग, कवचधारी वर्गातील जीव आहेत. आर्ग्युलस चपटा व गोल असून माशाच्या अंगावर सरकताना दिसतो. त्याची अंडी माशावर नव्हे, तर काच व दगडांवर असतात. लर्नियाची मादी दोऱ्यासारखी लोंबते व तिचे डोके मांसात रुतलेले असते. दिसणारे परजीवी ओल्या फडक्यात मासा धरून चिमट्याने काढता येतात, परंतु टाकीतील अंडी व पिल्ले राहिल्यास प्रादुर्भाव परततो. मासे दुसऱ्या टाकीत हलवून मूळ टाकी, दगड व जाळी उन्हात पूर्ण वाळवल्यास आर्ग्युलसची अंडी मरतात.

डायफ्लुबेन्झुरॉन हे कात टाकताना नवे कायटिन तयार होऊ देत नाही, म्हणून या जीवांच्या पिल्लांवर ते परिणामकारक आहे. रुतलेल्या लर्निया मादीला मात्र ते मारत नाही आणि कोळंबीला घातक ठरते. शेतीसाठीचे कीटकनाशक घरच्या टाकीत कधीही टाकू नये, कारण लागणारी मात्रा मिलिग्रॅममध्ये असते व घरगुती काट्यावर ती मोजता येत नाही.

मात्रेचा हिशेब

लांबी, रुंदी व पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १००० ने भागावे. ६० × ३० × ३० सें.मी. म्हणजे ५४ लिटर. वाळू व दगडांसाठी दहा टक्के वजा केल्यास सुमारे ४८ लिटर पाणी उरते. लिटरमागे २ ग्रॅम दराने ९६ ग्रॅम मीठ लागेल.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश आहे. हा जोडधंदा करणाऱ्यांना पुढील बाबी आवर्जून सांगाव्यात. नवे मासे तीन आठवडे वेगळ्या टाकीत व वेगळ्या जाळीने हाताळावेत. पर कुजणे, पोट फुगून खवले उभे राहणे अशा जिवाणूजन्य लक्षणांत अंदाजाने प्रतिजैविके देऊ नयेत. मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधे खाण्याच्या माशांच्या तळ्यात वापरू नयेत. औषधयुक्त पाणी विहिरीत वा तळ्यात सोडू नये. निदान न झाल्यास जबलपूर, नागपूर, उदगीर किंवा रत्नागिरी येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयाशी संपर्क साधावा. तपासणीसाठी जिवंत आजारी मासा आणि टाकीतील पाणी वेगवेगळे न्यावे. मरून कुजलेल्या माशावरून निदान होणे कठीण असते.