रावबहादुर बोले यांचा ठराव

कायदा म्हटला म्हणजे विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें बहुधा पोलीस, कोर्ट व शिक्षा हींच उभीं राहतात. परंतु कायद्याचा उगम होतो तो कायदेमंडळाच्या सभागृहांत. आणि तेथें एखाद्या सभासदानें योग्य वेळीं मांडलेलें एक वाक्य पिढ्यानुपिढ्या चालत आलेल्या अन्यायाच्या मुळावर घाव घालूं शकतें. नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही ‘ठराव’ व ‘कायदा’ यांतील भेद शिकवतों. तो भेद व्यवहारांत किती मोठा असतो, हें समजावें म्हणून रावबहादुर सीताराम केशव बोले यांच्या कामगिरीचें उदाहरण आम्हीं येथें घेतलें आहे.

बोले हे मुंबईच्या भंडारी समाजांतील पुढारी. गिरणी कामगारांच्या हितासाठीं स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. भीमराव आंबेडकर हे मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हां त्यांच्या अभिनंदनार्थ जी सभा भरली, तिचें अध्यक्षस्थान बोले यांनींच स्वीकारलें होतें. त्या विद्यार्थ्याचें व आपल्या एका ठरावाचें नांव पुढें एकाच तळ्याच्या कांठीं जोडलें जाणार आहे, याची कल्पना त्या दिवशीं कोणास असणार?

१९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलांत लोकांनीं निवडलेल्या सभासदांचें बहुमत झालें. या कौन्सिलांत ४ ऑगस्ट १९२३ रोजीं बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले व चालविलेले, किंवा सरकारनें नेमलेल्या अगर कायद्यानें निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यांतील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालयें, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य गणलेल्या वर्गांस करूं द्यावा, अशी शिफारस त्यांत होती.

या ठरावाचें सामर्थ्य ‘सार्वजनिक पैसा’ या शब्दांत आहे. त्यांत दयेची याचना नाहीं, कीं कोणाच्या अंतःकरणास आवाहन नाहीं. जी विहीर सर्वांच्या पैशानें खोदली, तिचें पाणी कांहींजणांसच कां? हा प्रश्न साध्या हिशेबाचा आहे. धर्मशास्त्राच्या वादांत उतरावयाचें तर शेकडों वर्षें पुरलीं नसतीं; बोले यांनीं प्रश्न जमाखर्चाच्या वहीवर आणून ठेविला, आणि तेथें उत्तर एकच निघतें.

तथापि ठराव म्हणजे केवळ शिफारस. सप्टेंबर १९२३ मध्यें सरकारनें आपल्या खात्यांस तो अमलांत आणण्याची आज्ञा केली. पण नगरपालिका व लोकल बोर्डें यांच्या बाबतींत, त्यांनीं ठरावाचा विचार करावा असा सल्ला कलेक्टरांमार्फत देण्यापलीकडे सरकार गेलें नाहीं. आतां गांवोगांवच्या विहिरी व तळीं होतीं तीं याच संस्थांच्या हातीं! ज्यानें मानावयाचें त्यानेंच ‘मानीत नाहीं’ म्हटलें, तर ठरावाच्या कागदाची किंमत काय?

बोले यांनीं हा धडा ओळखला. ५ ऑगस्ट १९२६ रोजीं त्यांनीं दुसरा ठराव आणिला. ज्या नगरपालिका व बोर्डें पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करण्याचें नाकारतील त्यांस सरकारनें अनुदान देऊं नये, अशी त्यांतील मागणी होती. पहिल्या ठरावानें हक्क सांगितला. दुसऱ्यानें, तो न मानल्यास काय होईल तें सांगितलें. आमच्या मतें उत्तम लोकप्रतिनिधीची ओळख या दुसऱ्या पावलांत आहे. कारण पहिलें भाषण करून टाळ्या घेणारे पुष्कळ असतात, पण तीन वर्षांनीं पुन्हां उठून ‘त्या गोष्टीचें काय झालें?’ असें विचारणारे थोडे.

कुलाबा जिल्ह्यांतील महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालींच चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचें जाहीर केलें होतें. तरीही त्या तळ्यावर जाण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं. इतका धाक रूढीचा होता. अखेरीस २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे सहस्रावधि अनुयायी शिस्तीनें तळ्यावर गेले व त्यांनीं पाणी प्राशन केलें. त्याचें उत्तर काठ्यांनीं मिळालें. मागाहून तळ्याची ‘शुद्धि’ही करण्यांत आली. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्हणजे बोले यांच्या ठरावास बरोबर चार वर्षें झालीं त्याच दिवशीं, नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला.

पुढें प्रकरण न्यायालयांत गेलें. तळें आमच्या मालकीचें आहे व इतरांस तेथें मज्जाव करण्याची रूढी अनादि आहे, असें वादींचें म्हणणें होतें. तें सिद्ध झालें नाहीं, आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूनें दिला. एका ओंजळभर पाण्यासाठीं ठराव, सत्याग्रह व न्यायालय असा चौदा वर्षांचा प्रवास झाला!

जें शिफारशीस साधलें नाहीं तें पुढें कायद्यानें साधावयाचें होतें. २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या भारताच्या राज्यघटनेचें पंधरावें कलम वाचून पाहावें. शासनाच्या पैशानें पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या विहिरी, तळीं, स्नानाचे घाट व रस्ते यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणासही अटकाव करतां येणार नाहीं, असें तेथें म्हटलें आहे. १९२३ च्या ठरावांतील हिशेबच येथें घटनेच्या भाषेंत उतरलेला दिसतो. सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली व तिचें आचरण गुन्हा ठरविलें. आणि त्या गुन्ह्यास शिक्षा काय हें १९५५ च्या कायद्यानें सांगितलें. शिफारस, सक्ती व शिक्षा अशा तीन पायऱ्या या इतिहासांत स्पष्ट दिसतात.

विद्यार्थ्यांनीं यावरून काय घ्यावें? कोणताही ठराव वाचतांना, मग तो विधानसभेचा असो, ग्रामपंचायतीचा असो वा आपल्या शाळेच्या वर्गसभेचा असो, तीन प्रश्न विचारण्याची संवय लावावी: हा हक्क कोणत्या आधारावर मागितला आहे? तो अमलांत कोणी आणावयाचा? आणि त्यानें तो न आणल्यास पुढें काय? ज्या ठरावास या तिन्हींचें उत्तर नाहीं तो सदिच्छेपलीकडे जात नाहीं. आणि उत्तर असूनही शेवटचें पाऊल माणसानेंच टाकावयाचें असतें. कायदा तळ्याचा मार्ग मोकळा करतो. पण शेजाऱ्यास पाणी भरतांना पाहून कपाळास आंठी न पडूं देणें हें काम कोणत्याही सभागृहाचें नाहीं, तें आपलें आहे.